जुन्या इमारतीला नवी जोड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ऐतिहासिक इमारती आणि आजची वास्तुरचना यांच्यातील नात्याविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून लांबलेली पत्रे मूळ मुद्द्याला धक्का न लावता थोडक्यात दिली आहेत. उत्तरे आमच्या सदरलेखक वास्तुविशारदांनी दिली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची इमारत शंभर वर्षांहून जुनी आहे. दगडी भिंती, कमानदार खिडक्या आणि उतरते छप्पर असे तिचे रूप आहे. शेजारच्या मोकळ्या जागेत अभ्यासिकेसाठी नवी इमारत जोडून बांधायची आहे. विश्वस्तांपैकी काहींना ती हुबेहूब जुन्यासारखी हवी आहे, तर काहींच्या मते ती पूर्णपणे आधुनिक दिसली पाहिजे. कोणाचे बरोबर?

उत्तर : आपल्या विश्वस्तांमध्ये चाललेला हा वाद स्वीडनमधील योटेबोरी शहरात एका वास्तुविशारदाच्या मनात वीस वर्षांहून अधिक काळ चालला होता. गुन्नार आस्प्लुंड यांनी तेथील जुन्या न्यायालयाच्या इमारतीला जोड देण्याची स्पर्धा १९१३ साली जिंकली. त्यानंतर ते आराखडे करत राहिले आणि बदलत राहिले. मधल्या टप्प्यातील आराखड्यांत जुन्या इमारतीचे अभिजात स्तंभ आणि कंगोरे नव्या भागावर तसेच पुढे नेलेले दिसतात. १९३७ च्या सुमारास प्रत्यक्षात जे उभे राहिले, त्यात मात्र स्तंभ नाहीत आणि त्रिकोणी माथेही नाहीत. सांगाड्याचे उभे-आडवे पट्टे दर्शनी भागावर सरळ दिसतात आणि त्यांच्यामध्ये खिडक्या आहेत. या खिडक्या आपापल्या चौकटीच्या मधोमध नसून जुन्या इमारतीच्या बाजूला सरकवलेल्या आहेत. गिलाव्याचा रंग जुन्याशी जुळणारा आहे आणि पट्ट्यांची लय जुन्या भिंतीवरील अर्धस्तंभांच्या लयीला धरून आहे. त्या काळी या इमारतीवर सडकून टीका झाली. आज मात्र जुन्या-नव्याच्या जोडणीचा विषय निघाला की वास्तुरचनेचे शिक्षक बहुधा सर्वांत आधी तिचेच उदाहरण देतात.

आस्प्लुंड यांनी काय सोडले आणि काय ठेवले, हे आपल्या विश्वस्तांनी पाहावे. त्यांनी अलंकरण सोडले, पण उंची, मजल्यांच्या रेषा, उभ्या भागांची लय, भिंत व तिच्यातील उघड्या जागा यांचे प्रमाण आणि रंग या गोष्टी सोडल्या नाहीत. माझ्या मते सातत्य या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींत असते. कमान ही भिंतीतील उघड्या जागेवरचा भार पेलण्याची एक रीत आहे. काँक्रीटच्या तुळईखाली केवळ शोभेसाठी लावलेली कमान काहीच पेलत नाही आणि जाणत्या माणसाला ते लगेच दिसते. याउलट जुन्या इमारतीच्या जोत्याची उंची नव्या इमारतीत तशीच पुढे चालू ठेवली, खिडक्यांचे तळ एका रेषेत आणले आणि भिंतीची जाडी खिडकीच्या खोल कोनाड्यातून जाणवू दिली, तर एकही कमान न काढता दोन्ही इमारती एकमेकींच्या शेजारी नीट नांदतात.

१९६४ साली व्हेनिस येथे जतनकार्याविषयीची जी आंतरराष्ट्रीय सनद मान्य झाली, तिने हेच दोन टोकांनी बांधून ठेवले आहे. तिच्या नवव्या कलमानुसार जुन्या वास्तूत जे नवे काम अपरिहार्य असेल, ते मूळ रचनेपासून वेगळे ओळखू आले पाहिजे आणि त्यावर स्वतःच्या काळाचा ठसा असला पाहिजे. बाराव्या कलमानुसार हरवलेल्या भागांच्या जागी घातलेले भाग एकूण रचनेशी सुसंवादी असले पाहिजेत, पण अस्सल भागांपासून वेगळेही कळले पाहिजेत. गेल्या काही दशकांत पुष्कळ वास्तुविशारदांनी या दोहोंपैकी पहिल्या कलमाचा आधार घेऊन दुसऱ्याकडे सोयीस्कर पाठ फिरवली आहे. वेगळेपण दाखवायला भडक होण्याची गरज नसते. दगड तोच, पण घडाई वेगळी. किंवा घडाई तीच, पण सांधा उघडा दाखवलेला, एवढा फरकही पुरतो.

हुबेहूब बांधण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांची बाजूही अगदीच पोकळ नाही. फ्लॉरेन्समधील सान्ता मारिया नोव्हेल्ला या चर्चचा दर्शनी भाग खालच्या अंगाला मध्ययुगीन पद्धतीने बांधून अर्धवट राहिला होता. तेथे टोकदार कमानींचे कोनाडे होते आणि पांढऱ्या-हिरव्या संगमरवराचे पट्टे होते. लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती यांनी तो पूर्ण केला आणि त्यावर १४७० हे वर्ष कोरलेले आहे. वरच्या भागात त्यांनी आपल्या काळाची नवी भाषा, म्हणजे रोमन मंदिराचा त्रिकोणी माथा आणि दोन्ही बाजूंची वळणदार पाखे आणली. पण संगमरवर तोच ठेवला आणि रंगांची गुंफणही जुन्या रीतीची ठेवली. पाहणाऱ्याला आधी एकसंध दर्शनी भाग दिसतो आणि नंतर त्यातले दोन काळ उलगडतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या विश्वस्तांनी शैलीवर मतदान घेण्याआधी जुन्या इमारतीची काटेकोर मोजमापे घ्यावीत. त्यांत जोते, मजले, खिडक्यांची रुंदी, दोन खिडक्यांमधील भिंत, छपराचा उतार आणि छज्जाची खोली या सगळ्यांचा समावेश असावा. ही मापे नव्या आराखड्याच्या कागदावर एका बाजूला लिहून ठेवली की निम्मा वाद आपोआप मिटतो, असा माझा व्यावसायिक अनुभव आहे.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. आधुनिक वास्तुरचनेने इतिहासाशी नाते तोडले, असे आम्हाला शिकवले जाते. मग तिच्यात सातत्य शोधणे हा केवळ आग्रह नाही का?

उत्तर : तुटले ते खरोखरच तुटले आहे, हे आधी मान्य करू. पोलाद आणि सळईचे काँक्रीट आल्यावर भार खांब-तुळयांच्या सांगाड्यावर गेला आणि भिंत भारमुक्त झाली. हजारो वर्षे भिंतीची जाडी, खिडकीची रुंदी आणि खोलीचा आकार हे एकमेकांना बांधलेले होते. ते बंधन सुटले आणि अलंकरणाचे जे शब्दभांडार त्या बंधनातून जन्मले होते, ते निराधार झाले. याला कोणी नाते तोडणे म्हणत असेल, तर माझी हरकत नाही.

पण त्या पिढीतील मोठ्या वास्तुविशारदांनी जुन्या इमारतींकडे पाहणे सोडले नव्हते. कॉलिन रो या समीक्षकाने १९४७ साली एक तुलना मांडली, ती आपण अवश्य अभ्यासावी. एका बाजूला सोळाव्या शतकातील पाल्लादिओ यांचे माल्कॉन्तेन्ता हे निवासस्थान आणि दुसऱ्या बाजूला ल कॉर्ब्युझिए यांनी १९२७ च्या सुमारास गार्श येथे बांधलेले घर. एक विटांचे, स्तंभयुक्त द्वारमंडप असलेले आणि दोन्ही अंगांनी सममित. दुसरे पांढरे, आडव्या लांब खिडक्यांचे आणि आतून मुक्तपणे वळणारे. दोन्हींचा ठोकळा मात्र लांबीला आठ, रुंदीला साडेपाच आणि उंचीला पाच अशा एककांचा आहे आणि दोन्हींत लांबीच्या दिशेने गाळ्यांची लय दोन-एक-दोन-एक-दोन अशी चालते. रो यांनी साम्याबरोबर फरकही तितक्याच बारकाईने दाखवले होते, हे विसरू नये. पाल्लादिओ यांच्याकडे भार वाहणारी भिंत आराखडा ठरवते, तर ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे सांगाडा नेमून दिल्यावर भिंती मोकळ्या फिरतात.

मीस व्हान डेर रोह यांचे बर्लिनमधील १९६८ चे कलादालन आणि त्याच शहरातील कार्ल फ्रीड्रिश शिंकेल यांचे १८३० साली पूर्ण झालेले जुने संग्रहालय ही जोडीही अशीच आहे. दोन्ही इमारती उंच चौथऱ्यावर आहेत, दोन्हींत चढून जाण्याला महत्त्व आहे आणि दोन्हींत छप्पर व खांब यांचे नाते हाच रचनेचा मुख्य आशय आहे. मीस यांनी ६४.८ मीटर बाजूचे चौरस पोलादी छप्पर फक्त आठ खांबांवर तोलले आणि कोपरे मोकळे सोडले. शिंकेल यांना ते शक्यच नव्हते. म्हणजे जुना प्रश्न नव्या साधनांनी पुन्हा सोडवला गेला.

लुई कान यांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. १९५०-५१ या काळात ते रोममध्ये राहिले आणि तेथील भग्न विटांच्या भिंतींनी त्यांच्या कामाची दिशा बदलली. काच नाही, चौकट नाही, केवळ प्रचंड भिंत आणि तिच्यातील छिद्र, हे त्यांनी त्या अवशेषांतून घेतले. त्यांच्या मृत्यूनंतर १९८२ साली पूर्ण झालेल्या ढाक्याच्या संसद भवनात बाहेरच्या भिंतींना जी भव्य वर्तुळाकार आणि त्रिकोणी तोंडे आहेत, ती आतल्या खोल्यांपर्यंत ऊन आणि झळ थेट पोहोचू देत नाहीत. भग्नावशेषाचे रूप येथे उष्ण प्रदेशातील सावलीचे साधन झाले आहे. चार्ल्स कोरिया यांनी जयपूरच्या जवाहर कला केंद्रात अठराव्या शतकातील नगररचनेची नऊ चौरसांची मांडणी घेतली. मूळ शहरात टेकडीमुळे एक चौरस बाजूला सरकला होता. कोरिया यांनीही एक चौरस सरकवून तेथे प्रवेश ठेवला. जाळ्या आणि छत्र्या चिकटवलेल्या कित्येक इमारतींपेक्षा ही जोडणी मला खोल वाटते, कारण ती माणसाच्या चालण्यात उतरते. अभ्यासासाठी म्हणाल, तर एखाद्या जुन्या इमारतीचा फक्त छेद, म्हणजे उभ्या कापाचे रेखाचित्र, काढून पाहा, दर्शनी भाग काढूच नका. प्रकाश कोठून येतो, हवा कोठून जाते, माणूस किती वेळा वळतो आणि छताची उंची कोठे बदलते, या गोष्टी छेदात सापडतात आणि त्या आजही वापरता येतात.

प्रश्न : जुन्या विटांच्या इमारतीची डागडुजी करताना सिमेंटचा गिलावा नको, चुनाच वापरा, असे सांगितले जाते. हा केवळ परंपरेचा हट्ट आहे का? आणि जुन्याला नवी इमारत भिडवताना तांत्रिक काळजी कोणती घ्यावी?

उत्तर : चुन्याचा आग्रह शास्त्रीय आहे. जुनी भिंत जमिनीतून आणि पावसातून ओल घेते आणि चुन्याच्या सांध्यांतून व गिलाव्यातून ती बाहेर सोडते. सिमेंटचा थर घट्ट असतो आणि बाष्पाला सहज वाट देत नाही. मग कोंडलेले पाणी मऊ विटेतून किंवा दगडातून मार्ग काढते, त्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाच्या आत स्फटिकरूप होतात आणि त्यांच्या दाबाने विटेचे पापुद्रे सुटू लागतात. दरजा शाबूत आणि विटा मात्र आत पोखरलेल्या, असे दृश्य कोठे दिसले तर तेथे सिमेंट भरले गेले आहे, असे बहुतेक वेळा खुशाल समजावे. सांध्यातला मसाला विटेपेक्षा नेहमी थोडा कमजोर असावा, म्हणजे इमारत हलली तर तडा सांध्यात जातो आणि सांधा पुन्हा भरता येतो. फुटलेली वीट पुन्हा जोडता येत नाही.

साहित्य एकमेकांशी कसे वागते, याकडे दुर्लक्ष केल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अथेन्सच्या पार्थेनॉनचे आहे. प्राचीन ग्रीक कारागिरांनी संगमरवराचे ठोकळे लोखंडी आकड्यांनी जोडले होते, पण त्या आकड्यांभोवती शिसे ओतले होते. त्यामुळे पाणी लोखंडापर्यंत पोहोचत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी निकोलाओस बालानोस या अभियंत्याच्या देखरेखीखाली झालेल्या दुरुस्तीत असे शिशाचे आवरण न देता लोखंड वापरले गेले. ते गंजले, गंजून फुगले आणि त्याने प्राचीन संगमरवर फोडला. पुढच्या पिढीला ती दुरुस्ती उलगडून त्या जागी टायटॅनियम घालावे लागले. बाहेरून पाहणाऱ्याला बालानोस यांच्या कामात खोट काढणे कठीण गेले असते. चूक होती ती धातूच्या आवरणात.

पायाविषयी म्हणाल, तर जुन्या इमारतीचे पाये बहुधा उथळ आणि रुंद असतात आणि इतक्या वर्षांत ते खचायचे तेवढे खचलेले असतात. नवी इमारत उभी राहिल्यावर ती स्वतःच्या वजनाने नव्याने खचू लागते. दोन्ही घट्ट बांधल्या, तर तडा नेमका जोडावर जातो. म्हणून नव्या इमारतीचा सांगाडा आणि पाया स्वतंत्र ठेवावा, मध्ये फट सोडावी आणि ती फट हालचाल सहन करील अशा झाकणाने बंद करावी. जुन्या पायाच्या तळापेक्षा खोल खोदकाम करायचे असेल, तर ते टप्प्याटप्प्याने आणि आधार देऊनच करावे. ठोकून बसवायच्या खांबांऐवजी भोक पाडून ओतायचे खांब घ्यावेत, कारण ठोकण्याच्या हादऱ्यांनी चुन्याचे जुने सांधे सुटतात. काम सुरू होण्याआधी जुन्या भिंतींवरील प्रत्येक तड्याचे छायाचित्र आणि माप नोंदवून ठेवावे. पुढे कोणता तडा जुना आणि कोणता नवा, यावरून होणारी भांडणे टळतात.

ही फट सोडणे म्हणजे केवळ अभियंत्याची सोय आहे, असे मात्र समजू नये. व्हेरोनाच्या कास्तेलवेक्क्यो या मध्ययुगीन किल्ल्याचे संग्रहालय करताना कार्लो स्कार्पा यांनी १९५७ पासून पुढे जे काम केले, त्यात नवी जमीन जुन्या भिंतीला टेकतच नाही. कडेने एक खोलगट पट्टा ठेवला आहे, त्यामुळे भिंत जमिनीच्या खाली जाताना दिसते आणि नवी फरशी तिच्यासमोर अंथरल्यासारखी राहते. जेथे दोन काळ भेटतात, तेथे स्कार्पा यांनी अंतर ठेवले आणि त्या अंतरालाच रचनेचा विषय केले. काँग्रान्दे या सरदाराचा अश्वारूढ पुतळा त्यांनी अशाच एका उकललेल्या जागी, इमारतीच्या दोन भागांमधील खुल्या सांध्यात, काँक्रीटच्या आधारावर उंच बसवला. किल्ल्यातील सर्व मार्ग त्या पुतळ्याभोवती फिरतात. तांत्रिक गरज आणि सौंदर्यदृष्टी यांची अशी एकवाक्यता फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

प्रश्न : पॅरिसच्या नोत्र दामचे जळालेले शिखर जसेच्या तसे पुन्हा उभारले गेले. हे व्हेनिसच्या सनदेच्या विरुद्ध नाही का? नष्ट झालेली वास्तू पुन्हा तशीच बांधणे म्हणजे खोटेपणा नव्हे का?

उत्तर : १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर लगेचच नव्या शिखरासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्याची घोषणा झाली होती आणि काचेच्या, बगीच्यांच्या आणि इतर अनेक कल्पना वर्तमानपत्रांतून झळकल्या. पुढे २०२० साली जुन्याप्रमाणेच बांधण्याचा निर्णय झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले. गंमत अशी की, जळालेले शिखर मध्ययुगीन नव्हतेच. मूळ शिखर अठराव्या शतकात काढून टाकण्यात आले होते आणि १८५९ साली व्हियोले-ल-द्युक यांनी स्वतःच्या कल्पनेप्रमाणे नवे उभारले होते. जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशा पूर्णावस्थेत आणणे की जी कदाचित कोणत्याही काळी अस्तित्वात नव्हती, अशी त्यांची भूमिका होती. इंग्लंडमध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी अशा विचाराला कडाडून विरोध केला. म्हणजे एका काळचा वादग्रस्त नवा भाग दीडशे वर्षांनी इतका आपला झाला की त्याची प्रतिकृती करावीशी वाटली. ओक लाकूड आणि शिसे हे साहित्यही तेच घेतल्यामुळे जुन्या पद्धतीची सुतारकला जाणणारी एक पिढी या कामातून घडली, ही गोष्ट मी या निर्णयाच्या बाजूने मांडीन.

प्रत्येक वास्तूला मात्र हेच उत्तर लागू नाही. वॉर्साचे जुने शहर युद्धानंतर अठराव्या शतकातील बेर्नार्दो बेल्लोत्तो यांच्या चित्रांचा आधार घेऊन पुन्हा बांधले गेले आणि १९८० साली ते जागतिक वारसा यादीत गेले. एका शहराला पुसून टाकण्याच्या प्रयत्नाला ते उत्तर होते आणि तेथे काळाचा ठसा उमटवण्याचा आग्रह धरणे अप्रस्तुत ठरले असते. ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शे या चर्चची पुनर्बांधणी २००५ साली पूर्ण झाली. ढिगाऱ्यातून काढलेले काळवंडलेले जुने दगड शक्य तेथे मूळ जागी बसवले असल्याने फिकट भिंतींवर त्यांचे गडद ठिपके दिसतात आणि कोणालाही फसवले जात नाही. कॉव्हेन्ट्री येथे बेसिल स्पेन्स यांनी बॉम्बने उद्ध्वस्त झालेले कॅथेड्रल तसेच उघडे ठेवले आणि शेजारी लालसर वालुकाश्माचे नवे कॅथेड्रल बांधले. ते १९६२ साली पूर्ण झाले. नव्याच्या काचेच्या भव्य पडद्यातून जुने अवशेष दिसत राहतात. जपानमधील इसे येथील देवस्थान तर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधले जाते. असे शेवटचे बांधकाम २०१३ साली झाले. तेथे लाकूड नवे असते, परंपरा म्हणून जपले जाते ते बांधण्याचे ज्ञान. अस्सलपणा म्हणजे केवळ मूळ दगड-लाकूड नव्हे, तो त्या त्या संस्कृतीच्या दृष्टीने ठरवावा, हे १९९४ सालच्या नारा येथील दस्तऐवजाने मान्य केले, त्यामागे अशा परंपरांचा मोठा वाटा आहे.

माझी स्वतःची पसंती विचाराल, तर ती बर्लिनच्या नॉयेस म्युझियमला आहे. फ्रीड्रिश आउगुस्ट श्ट्यूलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बांधलेले हे संग्रहालय दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत मोडले आणि कित्येक दशके तसेच पडून राहिले. डेव्हिड चिपरफील्ड यांनी ज्युलियन हॅरप यांच्यासह ते पुन्हा उभे केले आणि २००९ साली ते उघडले. जेथे भिंतीवरचे चित्र शिल्लक होते, तेथे ते स्थिर केले. जेथे गिलावा गेला होता, तेथे नवे चित्र काढले नाही. कोसळलेला भाग जुन्या, पुन्हा वापरलेल्या विटांनी बांधला. मुख्य जिन्याची जागा आणि चढण मूळचीच आहे, पण तो जिना आता संगमरवराचे बारीक तुकडे मिसळलेल्या पांढऱ्या सिमेंट-काँक्रीटचा आणि अलंकारहीन आहे. येथे प्रत्येक खोलीसाठी वेगळा निर्णय घेतला आहे. अर्थात असे काम करायला जो वेळ आणि जी सबुरी लागते, ती सर्वच मालकांकडे नसते.

प्रश्न : जुन्या इमारतीचा फक्त दर्शनी भाग ठेवून मागे बहुमजली इमारत उभी करणे कितपत योग्य?

उत्तर : ते मला पटत नाही. अशा इमारतींत बहुधा नव्या मजल्यांच्या पातळ्या जुन्या खिडक्यांशी जुळत नाहीत आणि खिडकीच्या मधूनच एखादी जमीन गेलेली दिसते. भिंत आणि तिच्यामागच्या खोल्या यांचे नाते संपले की ती भिंत पडदा होते. आतला भाग आगीने किंवा पडझडीने आधीच गेलेला असेल, तर मात्र भिंत वाचवणे योग्यच आहे. त्या वेळी नव्या मजल्यांच्या पातळ्या जुन्या खिडक्यांवरून ठरवाव्यात आणि दर्शनी भागामागे निदान एक खोलीभर अंतर मूळ उंचीचे ठेवावे, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधते.

प्रश्न : जुन्याला जोडताना वास्तुविशारद नेहमी काचच का सुचवतात?

उत्तर : पारदर्शक असल्याने काच जुन्याला झाकत नाही, असा युक्तिवाद असतो. तो रात्री, आत दिवे असताना खरा ठरतो. दिवसा बाहेरून पाहिले तर काच बहुतेक वेळा गडद दिसते किंवा आकाश दाखवते. आय. एम. पेई यांचा लूव्रच्या चौकातील १९८९ सालचा पिरॅमिड यशस्वी ठरला, कारण तो सुमारे २१ मीटर उंचीचा, भोवतालच्या राजवाड्यापेक्षा ठेंगणा आहे, जुन्या भिंतींपासून दूर उभा आहे, त्याची काच मुद्दाम अधिकाधिक स्वच्छ करून घेतली होती आणि मुख्य म्हणजे खालच्या भूमिगत प्रवेशदालनाला उजेड देण्याचे काम तो करतो. उष्ण हवामानात दक्षिण-पश्चिमेला काचेचा पडदा लावून मग वातानुकूलनावर वीज खर्च करणे हे जाड भिंतींच्या इमारतीशेजारी विशेष विसंगत दिसते. दोन इमारतींमधील अरुंद जोडमार्गासाठी काच जरूर वापरावी. अख्ख्या अभ्यासिकेसाठी वापरू नये.

प्रश्न : १९६०-७० च्या दशकांतील काँक्रीटच्या इमारतींनाही ऐतिहासिक मानायचे का? आमच्या वसाहतीत त्या पाडण्याचा प्रस्ताव आहे.

उत्तर : वयाने त्या पन्नास-साठ वर्षांच्या आहेत आणि त्यांतल्या काही निश्चितच जपण्याजोग्या आहेत. पण आपल्या प्रस्तावाचा विचार करताना ‘ऐतिहासिक’ या मुद्द्यावर अडून बसू नका. फ्रान्समधील बोर्दो येथे आन लाकातों आणि ज्याँ-फिलिप व्हासाल यांनी सहकाऱ्यांसह अशाच, साठच्या दशकातील तीन निवासी इमारतींवर २०१७ पर्यंत काम केले. त्यांत ५३० घरे आहेत. पाडण्याऐवजी त्यांनी दर्शनी बाजूला स्वतंत्र पायावर नवा सांगाडा उभा करून प्रत्येक घराला ३.८ मीटर खोलीची काचबंद बागेसारखी जागा आणि सज्जा जोडला. रहिवासी काम चालू असतानाही आपापल्या घरांत राहिले. त्याच दोघांनी डंकर्क येथे एका प्रचंड रिकाम्या जहाजबांधणीच्या दालनात कलासंग्रह बसवण्याऐवजी ते दालन मोकळे ठेवले आणि शेजारी तेवढ्याच आकाराचे अर्धपारदर्शक जुळे दालन २०१३ साली बांधले. मूळ दालन तोडफोड न होता वाचले आणि कार्यक्रमांसाठी वापरात आले.

पाडकामाच्या हिशेबात एक रक्कम नेहमी सुटते. जुन्या काँक्रीटमध्ये सिमेंट आणि पोलाद तयार करताना खर्च झालेली ऊर्जा आधीच गुंतलेली असते. इमारत पाडली की ती वाया जाते आणि नव्या सांगाड्यासाठी तेवढीच किंवा अधिक पुन्हा लागते. म्हणून आधी अभियंत्याकडून सांगाड्याची तपासणी करून घ्या. काँक्रीटमधील अल्कधर्मी अवस्था सळईला गंजण्यापासून वाचवते. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अवस्था संपवतो आणि तो थर सळईपर्यंत पोहोचला, की ओलाव्याबरोबर गंज सुरू होतो. ठिकठिकाणी छोटे नमुने काढून त्यांवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण टाकले, तर जेथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तेथे गुलाबी रंग येतो आणि जेथे ते तसे राहिलेले नाही तेथे रंग येत नाही. रंगहीन पट्टीची खोली आणि सळईवरील आवरणाची जाडी यांची तुलना केली म्हणजे इमारत दुरुस्तीच्या आवाक्यात आहे की नाही, याचा पहिला अंदाज मिळतो. तो हाती येईपर्यंत पाडण्याच्या ठरावावर सही करू नये.